तेरा लाख माणसं, दोन मेडिकल कॉलेजं

सिंदी मेघेत राहणाऱ्या माणसाला ‘देशात डॉक्टरांचा तुटवडा आहे’ हे वाक्य सहज पटत नाही. वर्धा शहराला चिकटलेलं हे गाव. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या लेखी शहर. बाहेरचे लोक त्याची सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेशी गल्लत करतात, म्हणून पत्ता सांगताना ‘मेघे’ आवर्जून म्हणावं लागतं. इथून काही किलोमीटरवर सावंगी मेघे. तिथं 1990 सालापासून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि त्याचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. वर्ध्याच्या दुसऱ्या अंगाला सेवाग्राम, तिथं कस्तुरबा रुग्णालय आणि 1969 चं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कॉलेज. रात्री दोन वाजता घरात कुणाच्या छातीत कळ आली, तर आमच्यापुढे प्रश्न एवढाच असतो, सावंगीला न्यायचं की सेवाग्रामला?

2011 च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख होती. 1961 मध्ये मुदलियार समितीनं 50 लाख लोकांमागे एक मेडिकल कॉलेज असावं असं सुचवलं होतं. त्या मापानं पाहिलं तर आमच्या वाट्याला एक कॉलेजही येत नाही, आणि इथं दोन आहेत. दोन्ही मिळून वर्षाला तीनशेहून जास्त मुलं एमबीबीएसला प्रवेश घेतात.

तरीही सकाळी आठला सेवाग्रामच्या नोंदणीच्या रांगेत उभं राहिलं की दुसरंच चित्र दिसतं. आष्टी, कारंजा, समुद्रपूरची माणसं पहाटेची एसटी धरून आलेली असतात. यवतमाळ-चंद्रपूरकडची असतात, पार तेलंगणातलीही असतात. त्यांच्यातल्या अनेकांचं दुखणं असं नसतं की त्यासाठी मेडिकल कॉलेज गाठावं. रक्तदाबाच्या गोळ्या, पोराचा न उतरणारा ताप, सातव्या महिन्याची तपासणी. जे गावापासून पाच-दहा किलोमीटरवर व्हायला हवं, त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते आणि सोबतच्या माणसाचीही बुडते. देशात डॉक्टर पुरेसे आहेत की नाहीत हा वाद मी या रांगेतून पाहतो.

आधी सरकारी आकडा. केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार देशात 811 लोकांमागे एक डॉक्टर आहे. 1000 मागे एक हे माप धरलं तर आपण ते ओलांडून पुढे गेलो. पण हा आकडा जुळतो कसा ते पाहायला हवं. त्यात सुमारे 13.86 लाख नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर आहेत. त्यांच्या जोडीला आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथीचे मिळून साडेसात लाख. या सगळ्यांपैकी 80 टक्के प्रत्यक्ष काम करतात असं गृहीत धरलेलं आहे. आयुषवाले बाजूला ठेवून, 80 टक्क्यांचं गृहीतक तसंच ठेवून, 140 कोटींना भागून बघा. उत्तर 1260 च्या आसपास येतं. म्हणजे देशात डॉक्टर पुरेसे आहेत की कमी, हे बीएएमएस आणि बीएचएमएस झालेल्यांना आपण डॉक्टर मानतो की नाही यावर ठरतं. तुटवडा आहे म्हणणारे एक बेरीज मांडतात, नाही म्हणणारे दुसरी, आणि दोन्ही बेरजा आपापल्या जागी बरोबर असतात.

शिवाय नोंदवहीतलं नाव आणि दवाखान्यात बसलेला माणूस यांत अंतर असतं. कुणी अमेरिकेत स्थायिक झालेला असतो, कुणी निवृत्त, कुणी कधीचा वारलेला, कुणी एमबीबीएस करून कलेक्टर झालेला. महाराष्ट्रात दर 5 वर्षांनी नूतनीकरणाची अट आहे, त्यामुळे आपली वही त्यातल्या त्यात बरी. सगळ्या राज्यांत तसं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं एकत्रित नोंदणी पोर्टल सुरू झालं ते 2024 च्या ऑगस्टमध्ये. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षं आपण नक्की किती डॉक्टर हयात आणि कामात आहेत हे न मोजताच तुटवड्यावर भांडत होतो. मला हे फार गंभीर वाटतं.

आणि ते 1000 चं माप. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष म्हणून ते भाषणांत, अग्रलेखांत, न्यायालयांतल्या युक्तिवादांत येतं. संघटनेची मापं मात्र निराळ्या जातीची आहेत. 2006 च्या अहवालात तिनं 10,000 लोकांमागे 22.8 असा किमान आकडा मांडला, पुढे 2016 मध्ये तो 44.5 केला. दोन्ही वेळा मोजणी डॉक्टर, परिचारिका आणि सुईण यांची एकत्र होती. आपण त्या हिशेबातून डॉक्टर तेवढा उचलला आणि नर्स सोडून दिली. ही चूक लहान नाही. डॉक्टर वाढवायचे म्हणजे कॉलेज काढायचं, आणि कॉलेज काढायला संस्थाचालक, आमदार, मंत्री असे पुष्कळ हात पुढे येतात. नर्सच्या रिकाम्या जागा भरायला फक्त सरकारनं पगार द्यायचा असतो, त्यात कुणाची कोनशिला नाही.

नर्सकडे असं दुर्लक्ष करण्याची सवय जुनी आहे. 1946 च्या भोर समितीच्या अहवालात त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात 6,300 माणसांमागे एक डॉक्टर आणि 43,000 माणसांमागे एक परिचारिका अशी नोंद आहे. त्या काळच्या सुमारे साडेसत्तेचाळीस हजार डॉक्टरांपैकी बहुसंख्य एलएमपी होते, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले. जुन्या पिढीतल्या विदर्भातल्या माणसांना तालुक्याच्या गावचे एलएमपी डॉक्टर आठवत असतील. भोर समितीनं हा अभ्यासक्रम बंद करून सगळ्यांना एकाच दर्जाची पदवी द्यावी असं ठरवलं. समितीतल्या काही सदस्यांनी तेव्हाच वेगळं मत नोंदवलं होतं, की देशाची गरज पाहता हे परवडणार नाही. हेतू चांगलाच होता; खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यायचा? पण झालं असं, की एलएमपी गेला आणि त्याच्या खुर्चीवर पदवीधर काही आला नाही. ती खुर्ची कुणी भरली हे 2001 च्या जनगणनेवर आधारलेल्या सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन यांच्या अभ्यासात दिसतं. हा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःला ॲलोपॅथी डॉक्टर म्हणवणाऱ्यांपैकी 57 टक्के लोकांकडे वैद्यकीय पात्रताच नव्हती, आणि 31 टक्के लोक शाळेपलीकडे गेलेले नव्हते.

ज्याला आपण बोगस डॉक्टर म्हणतो आणि अधूनमधून धाड घालून पकडतो, तो या रिकाम्या जागेतूनच उगवलेला आहे. तो रात्री दार उघडतो. उधारीवर सलाईन लावतो. त्याचं समर्थन करण्याची माझी अजिबात इच्छा नाही. स्टेरॉइड आणि अँटिबायोटिकच्या मनमानी वापरानं त्यानं माणसं बिघडवली आहेत, मारलीही आहेत. पण लोक त्याच्याकडे अडाणीपणानं जातात हे मला मान्य नाही. लोक जवळ असलेल्या माणसाकडे जातात.

आता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे येऊ, कारण तुटवड्याचा खरा पत्ता तिथं लागतो. ग्रामीण आरोग्याच्या सरकारी आकडेवारीनुसार देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये, ज्यांना आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो, गरजेच्या तुलनेत सुमारे 80 टक्के विशेषज्ञ कमी आहेत. सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, चौघांचीही तीच गत. हा आकडा वाचून आपण म्हणतो, चार डॉक्टर नेमा. पण एका अडलेल्या बाळंतपणाचा विचार करा. सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा. त्याला भूलतज्ज्ञ हवा. बाळ रडलं नाही तर ते हातात घेणारा बालरोगतज्ज्ञ हवा. रक्तस्राव झाला तर रक्तसाठा हवा, तो तपासायला तंत्रज्ञ हवा, थिएटरची नर्स हवी, वीज गेली तर जनरेटरमध्ये डिझेल हवं. यातलं एक नसेल तर बाकी सगळे असून नसल्यासारखे. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असलेल्या रुग्णालयात बसलेला स्त्रीरोगतज्ज्ञ तपासण्या करतो, चिठ्ठी लिहितो आणि रेफर करतो. वर्षभरात त्याचा हात बसतो तो चिठ्ठी लिहिण्यावर. हुशार, कामाची हौस असलेला तरुण डॉक्टर अशा ठिकाणी दोन वर्षांत खचतो आणि सोडून जातो. मग कागदोपत्री दोन जागा रिकाम्या दिसतात. मुळात रिकामी होती एकच.

म्हणूनच आमच्या रस्त्यांवरून 108 च्या रुग्णवाहिका सावंगी आणि सेवाग्रामकडे धावताना दिसतात. महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, बहुतेकदा बीएएमएस. या सेवेनं असंख्य जीव वाचवले आहेत. पण आर्वीच्या पलीकडच्या गावातून अडलेली बाई जिल्ह्याच्या टोकापासून इकडे येते तेव्हा वाटेतला प्रत्येक टप्पा तिला पुढे ढकलत असतो, हेही खरं आहे. उपकेंद्र प्राथमिक केंद्राकडे पाठवतं, ते ग्रामीण रुग्णालयाकडे, ते उपजिल्ह्याकडे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खाजगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी 47 टक्के सिझेरियननं झाली, सरकारी रुग्णालयांत 14 टक्के. एकीकडे गरज असून पोट चिरायला माणूस नाही, दुसरीकडे गरज नसताना चिरलं जातं. वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा नियमच मांडला होता. जिथं आजार जास्त तिथं चांगली सेवा कमी, आणि आरोग्यसेवेवर बाजाराचा जोर जितका अधिक, तितका हा उलटा हिशेब पक्का. डॉक्टरांची संख्या वाढली की ते आपोआप खेड्याकडे झिरपतील असं मानणाऱ्यांनी वर्धा जिल्ह्याचा नकाशा समोर धरावा. 1969 आणि 1990 पासून दोन कॉलेजं डॉक्टर घडवत आहेत. त्यांची पाटी नागपुरात, पुण्यात, मुंबईत, लंडनमध्ये लागते. आष्टीत लागत नाही.

तरी उपाय म्हणून कॉलेजच सुचतं. 2014 मध्ये देशात 387 मेडिकल कॉलेजं आणि 51 हजारांच्या आसपास एमबीबीएसच्या जागा होत्या. दहा वर्षांत कॉलेजं 780 च्या घरात आणि जागा 1 लाख 18 हजारांच्या आसपास गेल्या. 2025 च्या अर्थसंकल्पात पुढच्या 5 वर्षांत आणखी 75 हजार जागांची घोषणा झाली. आपल्या राज्यात 2023 मध्ये मंत्रिमंडळानं नव्या सरकारी कॉलेजांना मंजुरी दिली तेव्हा त्यांत वर्ध्याचंही नाव होतं. मग ते हिंगणघाटला हवं की आर्वीला, यावर मोर्चे निघाले. हिंगणघाटच्या लोकांची तळमळ मी समजू शकतो. सरकारी कॉलेज म्हणजे सरकारी रुग्णालय, म्हणजे चोवीस तास कुणीतरी हजर. पण लोकांना खरं हवं आहे ते हेच शेवटचं, हजर माणूस. तो मिळावा म्हणून त्यांना अख्खं कॉलेज मागावं लागतं.

कॉलेज काढलं तरी शिकवणारे कुठून आणणार? तपासणी आली की एका सरकारी कॉलेजातले अध्यापक दुसऱ्या कॉलेजात बदलीवर दाखवायचे, हे राज्यात कुणालाही नवं नाही. खाजगी कॉलेजांच्या तपासण्यांतल्या लाचखोरीवर 2025 मध्ये सीबीआयनं गुन्हा दाखल केला. 2023 मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून प्रवेशाची किमान पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांना मुलं मिळत नाहीत. उद्याचे अध्यापक तिथूनच यायचे असतात. अभिमत विद्यापीठात कोटीच्या घरात फी भरून बाहेर पडलेल्या मुलानं प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी नेमणूक घ्यावी, ही अपेक्षा मला त्या मुलावर अन्याय करणारी वाटते. त्याच्या बापानं शेत विकलेलं असतं.

सरकारी कॉलेजातल्यांसाठी बंधपत्र आहे. एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा, नाहीतर 10 लाख दंड. पदव्युत्तरला 50 लाख. सक्तीनं आलेला माणूस वर्ष मोजत बसतो आणि वर्ष संपलं की त्याच्या जागी पुन्हा नवखा येतो. काही दिवस तरी खुर्ची भरते, एवढा त्याचा फायदा. थायलंडनं 1970 च्या दशकात अशीच सक्ती आणली, पण तिच्यावर भिस्त ठेवली नाही. 1980 च्या दशकात त्यांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांवरचा नवा खर्च काही वर्षं थांबवला आणि तो पैसा तालुक्याच्या रुग्णालयांत घातला. खेड्यातल्या मुलांना खेड्यासाठी निवडलं. म्हणजे डॉक्टरला पाठवण्याआधी तो जिथं काम करणार ती जागा उभी केली.

सेवाग्रामनं हे आपल्या परीनं करून पाहिलं होतं, आणि माझ्या मते या विषयावर महाराष्ट्रात झालेला तो सगळ्यात मोलाचा प्रयोग आहे. गांधीजींच्या डॉक्टर राहिलेल्या आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी 1944-45 च्या सुमारास इथं बायका-मुलांसाठी छोटा दवाखाना सुरू केला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी त्याचं कॉलेज झालं, जागा शंभरच्या आत-बाहेर. प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. नव्या मुलांना आधी आश्रमात शिबिराला बसावं लागे, खादी घालावी लागे, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेई. आणि इथंच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर आधी दोन वर्षं ग्रामीण रुग्णालयात, बहुधा एखाद्या सेवाभावी संस्थेच्या, काढावी लागत. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारा आरोग्यविमा उभा केला. सुगीला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची, आणि वर्षभर आजारपणात रुग्णालयानं सांभाळायचं. त्या ज्वारीनं रुग्णालयाचा खर्च भागत नव्हताच. पण रुग्णालयावर हक्क सांगण्याची हिंमत गावाला आली. ‘नीट’ आल्यावर सेवाग्रामची स्वतःची प्रवेश परीक्षा गेली, तिच्याबरोबर तो पेपरही गेला. एका पेपरानं माणूस सेवाभावी होतो असं मी म्हणत नाही. पण कोणत्या कामासाठी आपण कुणाला निवडतो आहोत, हे विचारण्याचा अधिकार कॉलेजाकडे उरला नाही, ही हानी झालीच.

याच मातीत वाढलेल्या डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासोबत गडचिरोलीत जे केलं, त्यानं तुटवड्याचा प्रश्नच वेगळ्या रीतीनं विचारला. 39 गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं हे शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तिथलं नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झालं. ज्या कामासाठी आपण बालरोगतज्ज्ञ नाही म्हणून हळहळत होतो, त्यातला मोठा भाग शेजारची बाई करू शकत होती. आज आशाताई घरोघर जाऊन नवजात बाळं तपासते ती याच वाटेनं. तिला मात्र अजून मानधनावर ठेवलेलं आहे, आणि तिचे मोर्चे दरवर्षी निघतात.

छत्तीसगडनं 2001 मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून ग्रामीण वैद्यकीय सहायक तयार केले. नंतर झालेल्या अभ्यासात प्राथमिक उपचारांच्या बाबतीत ते एमबीबीएस अधिकाऱ्यांच्या तोडीचे ठरले. तरीही डॉक्टर संघटनांच्या विरोधामुळे तो अभ्यासक्रम टिकला नाही. महाराष्ट्रात आपण हीच गोष्ट मागच्या दारानं करतो. उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी बहुतांशी बीएएमएस, 108 मध्ये बीएएमएस, खाजगी रुग्णालयात रात्रपाळीला बीएचएमएस. होमिओपॅथीवाल्यांना एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधं देण्याची मुभा 2014 च्या कायदेबदलानं मिळाली. त्यावरून 2025 मध्ये ॲलोपॅथी डॉक्टरांनी राज्यात संप केला. रुग्णाच्या सुरक्षिततेची त्यांची काळजी खोटी नाही. पण आपल्याच रुग्णालयात रात्रीचा वॉर्ड त्याच बीएचएमएसच्या हाती सोपवणाऱ्यांनी या वादात आधी तेवढं तरी कबूल करावं. काय करायचं आणि काय नाही हे ठरवून दिलेलं, नीट प्रशिक्षण घेतलेलं, वर देखरेख असलेलं मधल्या फळीचं मनुष्यबळ आपल्याला हवं आहे. ते उजेडात तयार करावं असं माझं ठाम मत आहे.

मग डॉक्टरांचा तुटवडा नाहीच का? आहे, पण तो ठरावीक जागी आहे. भूलतज्ज्ञांचा आहे. मानसोपचारतज्ज्ञांचा तर भयंकर आहे. देशात लाख लोकांमागे असा एकही डॉक्टर पुरा पडत नाही. 2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत वर्धा होतं. त्या शेतकऱ्याला, त्याच्या मागे राहिलेल्या बायकोला गावाजवळ बोलायला कुणी मिळत नाही. नर्सचा तुटवडा आहे, आणि तो सगळ्यात कमी बोलला जातो. नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या तोंडाशी 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. तिथं कॉलेज होतं, डॉक्टर होते. चर्चा झाली ती औषधांची, रिकाम्या पदांची, खाटांहून कितीतरी जास्त भरलेल्या वॉर्डांची.

आणि तुटवडा आहे टिकणाऱ्या डॉक्टरचा. डॉ. हिंमतराव बावसकर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक केंद्रात रुजू झाले. विंचूदंशानं माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होती. ते तिथं थांबले, रात्र-रात्र खाटेशेजारी बसून नोंदी केल्या, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध इथं कामी येतं हे जगाला दाखवून दिलं. दगावण्याचं प्रमाण शेकड्यात चाळीसच्या आसपास होतं, ते एकावर आलं. बावसकरांसारखी माणसं गृहीत धरून व्यवस्था आखता येत नाही, हे मला कळतं. पण साधा, चांगला, संसारी डॉक्टर तालुक्याला दहा वर्षं राहील अशी सोय आखता येते. राहण्याजोगं घर, कायम नोकरी, वेळेवर पगार, पोरांना शाळा, जोडीला भूलतज्ज्ञ, आणि रुग्ण दगावला की जमाव अंगावर आला तर पाठीशी उभा राहणारा अधिकारी.

एक मोजणी मात्र लगेच करता येईल, आणि तिला नवं कॉलेज लागत नाही. जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत, मंगळवारी रात्री दोन वाजता, कोणत्या सरकारी रुग्णालयात कोण हजर आहे आणि तिथं त्या क्षणी सिझेरियन होऊ शकतं का, एवढंच लिहून काढायचं. वर्ध्याच्या रकान्यात काय येईल ते मला सिंदी मेघेतून दिसतंय. मला आष्टीचा आणि कारंज्याचा रकाना वाचायचा आहे.